पंपावरचं नॉर्मल बीपी

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, तुम्ही इतकी वर्षं आयसीयूत काढलीत, काही गमतीदार अनुभव लिहून द्या ना. फार सीरियस नको, दिवाळी आहे." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर माझं डोकं फिरलं. आयसीयूत गमती घडतच नाहीत असं नाही. एका गोऱ्या आजोबांनी शुद्धीवर आल्याआल्या माझ्याकडे त्यांच्या फुटबॉल टीमचा स्कोअर मागितला होता आणि तो ऐकून पुन्हा डोळे मिटून घेतले होते. पण असल्या गमती सांगून मी मोकळी झाले, तर जे सांगायला हवं ते पोटातच राहील. तेव्हा संपादकांनी माफ करावं. हा लेख मी रागानं लिहिलेला आहे आणि तो एका साध्या बीपीच्या गोळीबद्दल आहे.

मी मिरजेला नर्सिंग शिकले, लग्नानंतर इकडे विलायतेत आले आणि हॅरोहून जाऊन-येऊन करता येईल अशा एका हॉस्पिटलच्या आयसीयूत नोकरीला लागले. तिथूनच सिस्टर म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाले. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटेल, आपण दुसरीकडे जाऊ, तिथे असं होत नसेल. तसा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

आपल्या लोकांना बीपी म्हटलं की वाढलेलंच बीपी आठवतं. "मला बीपी आहे" असं कुणी म्हणालं की ते वर गेलेलं आहे हे न सांगता कळतं. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत माझ्याभोवती हमखास घोळका जमतो. मीठ किती खावं, गोळी सकाळी घ्यावी का रात्री, वजन उतरलं तर गोळी सुटेल का. बीपी उतरतं हेही त्यांना माहीत असतं, पण त्यावर प्रत्येकाकडे घरचा इलाज तयार असतो. लिंबू पिळून मीठ-साखरेचं पाणी द्या, पाय उंचावर ठेवून झोपवा, झालं. उन्हानं चक्कर आलेल्या माणसाला तेवढं पुरतंही. पण मी ज्या उतरलेल्या बीपीशी झगडण्यात आयुष्य काढलं, त्याच्यापुढे लिंबूपाणी ही थट्टा आहे.

त्याला आम्ही शॉक म्हणतो. बातमी ऐकून बसतो तो वेगळा, विजेचा वेगळा. या शॉकमध्ये रक्ताचा दाब इतका पडतो, की मेंदू, किडनी, यकृत यांना रक्त पुरेसं पोचतच नाही. कारणं बरीच असतात, पण आमच्याकडे रोजचं कारण म्हणजे इन्फेक्शन. लघवीतलं, फुप्फुसातलं, पित्ताशयातलं इन्फेक्शन रक्तात पसरतं आणि शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. सोसायटीत पाणी आलेलं असतं, पण जोर नसला की वरच्या मजल्यावर चढत नाही, तसं होतं. आधी सलाइन देतात. तेवढ्यानं भागलं नाही, की रक्तवाहिन्या आवळणारं औषध लागतं. त्यातलं पहिलं म्हणजे नॉरॲड्रेनलिन. आम्ही त्याला नुसतं नॉरॲड म्हणतो.

हे औषध एकदा टोचून मोकळं होता येत नाही. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात, सिरिंज पंपाला लावतात आणि तो पंप अगदी थोडं थोडं औषध आत सोडत राहतो. मनगटाच्या धमनीत दुसरी बारीक नळी असते, ती दर ठोक्याचा दाब मॉनिटरवर दाखवते. दाब पडला की डोस वर, सावरला की खाली, आणि हे सगळं नर्सच्या हातानं, सतत. औषध थांबलं तर काही मिनिटांत दाब कोसळतो. म्हणून सिरिंज संपत आली की नवी भरून दुसऱ्या पंपावर आधीच चालू करायची, तिचा असर दिसायला लागला की जुनी हळूहळू उतरवायची. चांगल्या नर्सच्या हातून हा बदल होताना मॉनिटरवरची रेघ हलत नाही. माझ्या हातून हलायची नाही. ही फुशारकी आहे, आणि या वयात तेवढी मला शोभते.

डोस फार चढवावा लागला, तर हातापायांची बोटं निळी पडतात, कधी काळी होतात. आवळणारं औषध सगळीकडेच आवळतं, त्याला जागा निवडता येत नाही. इतक्या नाजूक पेशंटजवळ एकच नर्स असावी, तिनं दुसरीकडे बघू नये, असा आमचा नियम आहे. नियम चांगला आहे.

नातेवाईक मात्र पंपाकडे बघत नाहीत, मॉनिटरकडे बघतात. त्यातून आपली आयटीतली मुलं असली तर विचारूच नका. मॅच बघावी तसे उभे असतात. एकशेवीसवर सत्तर दिसलं की चेहरा खुलतो आणि लगेच भारतात फोन जातो, "बीपी नॉर्मल आलं." ते बीपी पंपानं धरून ठेवलेलं असतं हे त्यांना कोण सांगणार? आमचे डॉक्टर वर म्हणतात, "शी इज स्टेबल." या शब्दावर माझा जुना राग आहे. स्टेबल म्हणजे आहे तिथेच आहे. विहिरीच्या तळाशी बसलेला माणूसही स्टेबलच असतो.

प्रमिलाबाई अमरावतीच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, वॉटफर्डला मुलाकडे उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या. मुलगा निखिल, सॉफ्टवेअरमधला, सज्जन, हळू आवाजात बोलणारा. बाईंना लघवीचं इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप आला. त्यांनी तो प्रवासाचा शीण म्हणून अंगावर काढला. बोलताना शब्द इकडचे तिकडे व्हायला लागले तेव्हा निखिलनं ॲम्ब्युलन्स बोलावली. त्या आयसीयूत आल्या तेव्हा मी रजेवर होते. परतले त्या सकाळी कळलं की त्यांना नॉरॲड चालू आहे, पण त्या जाग्या आहेत, व्हेंटिलेटर लागलेला नाही. डोस छान उतरत आला होता, लघवी पुन्हा व्हायला लागली होती, वॉर्डात हलवायची बोलणी सुरू झाली होती. आणि आदल्या दिवसापासून सगळं उलटं फिरलं होतं.

त्यांच्याजवळ जिन्सी होती, आमची केरळची नर्स, हाताला हुशार. मला बघताच म्हणाली, "बरं झालं तू आलीस. तुझ्या भाषेतल्या आहेत. काल दुपारपासून डोस वाढवतेय आणि प्रेशर काही धरत नाहीये."

कन्सल्टंट म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालची रजिस्ट्रार होती डॉक्टर हेलन. तिला नवीन इन्फेक्शनची शंका होती. पोटात कुठे पू साठला असेल, तर स्कॅन करायला हवा. आता ज्याचा दाब टिकत नाही अशा माणसाला पंप, नळ्या, मॉनिटर, सगळा संसार बरोबर घेऊन लिफ्टनं खाली न्यायचं म्हणजे जिवाशी खेळ. पण पू असेल तर न नेणंही तसंच. हेलन मला म्हणाली, "यांना स्कॅनचं नीट समजावून सांगतेस का? आणि विचार, काही वेगळं दुखतंय का, काही वेगळं घडलंय का. आम्ही आत्तापर्यंत मुलामार्फतच बोलतोय."

मी जवळ गेले. "काकू, मी इथली सिस्टर. मूळची मिरजेची."

त्यांनी डोळे उघडले. "मराठी? मंग बसा ना बाई." तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, मानेत नळ्या, आणि मला बसायला सांगतायत.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे मले. काई नाई होत."

चेहरा पांढरा पडलेला, हात गार. आपल्या बायका मरायला टेकल्या तरी बरंच असतं त्यांना! मी तो प्रश्न सोडून दिला. "काकू, कालपासून पोटात काय काय गेलं ते सांगा बरं."

"चहा. या लोकायचं ते पांचट सूप. अन् गोळी."

"कुठली गोळी?"

"बीपीची. निखिलनं देल्ली ना, काल सकाळी अन् आजबी, सिस्टरायची पाळी बदलत होती तवा. घरचीच आहे, नेहमीची. ती कशी चुकवीन मी?"

शेजारच्या ड्रॉवरमध्ये, चष्म्याच्या घराखाली, ती पट्टी होती. एका गोळीत दोन औषधं, आणि दोन्हींचं काम एकच, रक्तवाहिन्या सैल करायच्या. म्हणजे आम्ही मानेतून आवळत होतो आणि निखिल तोंडावाटे सैल सोडत होता. या गोळीचा असर दिवसभर राहतो, वर दुसऱ्या दिवशीची त्यात भर. मी पट्टी हातात घेऊन वळले, तर हेलननं माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. तिनं स्कॅन थांबवला, कन्सल्टंटला बोलावलं आणि लगेच दुसरं औषध सुरू केलं, व्हेसोप्रेसिन. वेगळ्या वाटेनं दाब वाढवतं ते. कुणीही वेळ घालवला नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते या डॉक्टर-नर्सांबद्दल नाही.

निखिलला ऑफिसमधून बोलावून घेतलं. मी त्याला कोपऱ्यातल्या खोलीत बसवून सांगितलं. 

"पण मावशी, बीपी नॉर्मल होतं! मी स्वतः मॉनिटरवर पाहिलं, वन-ट्वेंटी होतं, म्हणून तर गोळी परत चालू केली. आणि अमरावतीचे डॉक्टर कायम सांगतात, नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही, गोळीमुळेच ते नॉर्मल आहे."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी स्वतः गणपतीच्या रांगेत लोकांना हेच दटावून सांगत आले. आज्ञाधारक मुलगा होता तो. त्यानं नियम पाळला, फक्त तो नियम आयसीयूत लागू नव्हता.

दाखल झाल्या त्याच दिवशी डॉक्टरांनी ती गोळी बंद केली होती. बंद केली हे त्यांनी एकमेकांना सांगितलं, फार्मसीला सांगितलं. मुलाला सांगितलं नाही, बाईंना तर नाहीच. का? तर निखिलचं इंग्रजी उत्तम. माझ्यापेक्षा चांगलं. ज्या घरातल्या माणसांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी हॉस्पिटल दुभाष्या बोलावतं, तो बिचारा एकेक गोष्ट दोनदा सांगतो, विचारतो, समजलं का. निखिलसारखा मुलगा समोर आला की डॉक्टर धडाधड बोलून मोकळे होतात, हा मान हलवतो, आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. आपली मुलंही अशी, की समजलं नाही म्हणायला लाजतात. रोज मोठमोठ्या मीटिंगांत इंग्रजी बोलणारा माणूस, "प्रेशर सपोर्टवर आहे म्हणजे काय हो?" असं विचारायला त्याची जीभ रेटत नाही. आणि ज्यांच्या पोटात गोळी गेली त्या बाई जाग्या होत्या, शुद्धीत होत्या, नुसतं विचारलं असतं तर सांगत होत्या. त्यांच्या डोक्यावरून सगळे मुलाशी बोलत राहिले. मला याची चीड येते, आजही लिहिताना येते.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. बाईंच्या हाताची बोटं निळी झाली. मी ती गरम फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि त्या मला अमरावतीच्या घरामागच्या संत्र्याच्या झाडाबद्दल सांगायच्या. मग गोळीचा असर ओसरला, डोस पुन्हा उतरायला लागला. आम्हाला वाटलं, निभावलं. पण नुकती कुठे चालू झालेली किडनी या पडझडीत पुन्हा बंद पडली ती पडलीच. डायलिसिसचं मशीन लावलं. मग छातीत पाणी, मग फुप्फुसात नवं इन्फेक्शन, खरोखरचं. दोन्ही औषधं टोकाला नेली तरी दाब धरेना. कन्सल्टंटनं निखिलला नीट, सावकाश समजावलं, आणि या वेळी मी शेजारी बसून सगळं मराठीत पुन्हा सांगितलं. निखिल आईचा हात धरून बसला. त्या गेल्यावर पंप मी बंद केला. 

महिन्याभरात चौकशीची मीटिंग झाली. व्यवस्थापनाकडून एक बाई आल्या होत्या, बोलायला फार गोड. त्यांचं म्हणणं तयारच होतं. नातेवाईकानं कर्मचाऱ्यांच्या नकळत बाहेरचं औषध दिलं. म्हणजे दोष कुणाचा, तर निखिलचा. मी म्हटलं, नकळत कसं? तिथे नर्स होती ना? मग तिला का दिसलं नाही ते मला सांगायचंय. पहिली गोळी दिली त्या सकाळी आमच्या आयसीयूतली एक नर्स उचलून वरच्या वॉर्डात पाठवली होती, कारण तिथे माणूस नव्हतं. पाठवण्याचा हुकूम वरून आला होता. त्यामुळे जिन्सीकडे दोन पेशंट आले, आणि दुसरा पेशंट बाईंपेक्षा जास्त आजारी. एका पेशंटजवळ एक नर्स हा नियम त्या सकाळी कुठे गेला होता?

त्या बाई हसून म्हणाल्या, "तो वेगळा विषय आहे."

हेलन माझ्या बाजूनं बोलली. तरुण पोरगी, तिला पुढे तिथेच नोकरी करायची होती, तरी बोलली. जिन्सी शेजारी बसून रडत होती. मी आवाज चढवला. मला शांत व्हायला सांगण्यात आलं. इथे माणसं रागावत नाहीत, त्यांना "कन्सर्न" वाटतो. मला कन्सर्न नव्हता वाटत, मला संताप आला होता, आणि मी तो त्या टेबलावर जसाच्या तसा मांडला. शेवटी ठरलं काय, तर आयसीयूच्या दारावर एक पोस्टर लावायचं. कृपया बाहेरची औषधं आणू नयेत. रंगीत पोस्टर, गोळ्यांच्या चित्रावर लाल फुली. ते पुढच्याच आठवड्यात लागलं. नर्स काही आली नाही. त्यानंतरही आमच्या नर्सा वरच्या वॉर्डांत जातच राहिल्या, मी निवृत्त होईपर्यंत, आणि जिन्सी सांगते की अजूनही जातात.

निखिलला मात्र त्यांनी एक सहानुभूतीचं पत्र पाठवलं. त्यात गोळीचा उल्लेख होता, जिन्सीच्या दुसऱ्या पेशंटचा नव्हता.

या वर्षी उन्हाळ्यात तो माझ्याकडे हॅरोला आला. आईचं वर्षश्राद्ध अमरावतीला करून परतला होता. बारीक झाला होता. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "मावशी, मला खरं सांगा. माझ्यामुळे गेली का आई?"

लोक अशा वेळी पटकन नाही म्हणतात. मला तसं म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही, निखिल. कुणालाच माहीत नाही. त्या गोळीनं त्यांचे दोन दिवस वाईट केले, किडनीला फटका बसला. गोळी दिली नसती तरी त्या वाचल्या असत्या का, हे मी सांगू शकत नाही. पण ती बंद केली आहे हे तुला सांगायचं काम आमचं होतं. ते आम्ही केलं नाही. पत्रात काहीही लिहिलेलं असू दे."

 तो खाली बघून म्हणाला, "मी ही गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. पहिल्या दिवशी मी गोळी काढली ना, तेव्हा आई म्हणाली होती, 'त्या सिस्टरले एकदा विचारून घे.' मी वळून बघितलं. जिन्सी पलीकडच्या बेडपाशी होत्या, तिथला अलार्म वाजत होता, त्यांना मान वर करायलाही फुरसत नव्हती. मी उभा राहिलो थोडा वेळ. ट्रेनची वेळ होत आली होती. मग आईला म्हटलं, 'जाऊ दे गं, त्या बिझी आहेत. एवढ्याशा गोळीसाठी कशाला त्यांना त्रास द्यायचा.'"

एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला. मी उठून त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

"द्यायचा होतास रे त्रास," मी म्हटलं. "त्याचाच तर पगार घेत होतो आम्ही."